रिंगणात ठेवलेले बूट

दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्राच्या सरांनी आम्हाला एक प्रकल्प दिला. टीव्हीवरचा कोणताही एक कार्यक्रम निवडायचा, आणि तो बघणारी माणसं तो का बघतात हे त्यांनाच विचारून लिहायचं. वर्गातल्या बहुतेक मुलींनी मालिका निवडल्या. मी कुस्ती निवडली. तालमीतली नव्हे, टीव्हीवरची, परदेशातली. दोरखंडांच्या चौकोनात होणारी, जिच्यात पैलवान गाणं लावून येतात. कारण साधंच होतं. ती कुस्ती बघणारा माणूस आमच्या घरातच होता. तो म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. प्रश्नावली म्हणजे काय, हे घरात कुणाला विचारण्यासारखं नव्हतं. ग्रंथालयात बसून मी दहा प्रश्न तयार केले. त्यातला सातवा असा होता: ‘ही कुस्ती आधीच ठरवून केलेली असते, हे तुम्हाला माहीत आहे का?’ आमच्याकडे अशा कुस्तीला नुरा म्हणतात. गावच्या मैदानात दोन पैलवान नुसतेच झटापट करताना दिसले की लोक ‘नुरा, नुरा’ म्हणून ओरडतात आणि पंच त्यांना बाहेर काढतात. तो सातवा प्रश्न मला सगळ्यात हुशारीचा वाटला होता.

दादाबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही कागलजवळच्या एका खेड्यात राहतो. दादा बारा वर्षांचा असताना अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याला कोल्हापुरातल्या एका तालमीत नेऊन ठेवलं. अण्णा गावातल्या दूध संस्थेत माप घेतात. ते स्वतः कधी कुस्ती खेळले नाहीत. एक म्हैस मात्र त्यांनी दादाच्या नावानं ठेवली. तिचं दूध संस्थेला घालायचं नाही, चहाला वापरायचं नाही. एक दिवसाआड ते एसटीनं ते दूध तालमीत पोचवायचे आणि दादा पितो का ते बघूनच परत यायचे. दादा कुठं मैदानाला निघाला की हे बरोबर. कुस्ती चालू असताना ते बघायचे नाहीत, पायातल्या चपलांकडं बघत उभे राहायचे. मी एकदाच बरोबर गेले होते, तेव्हा पाहिलं.

राधानगरीकडच्या एका जत्रेत समोरच्याचे दोन्ही पाय धरायला दादा खाली शिरला आणि त्याचा उजवा गुडघा आतल्या आत फिरला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की चालेल, जड कामही करेल, पण कुस्ती नाही. हे सांगताना मी तिथंच होते. अण्णाही होते. तरी घरी आल्यावर अण्णा शेजाऱ्यांना म्हणाले की पावसाळा सरला की बघू. तो सरला तेव्हा म्हणाले, थंडी सरू दे. असं करत दीड वर्ष गेलं. दादाची सामानाची पेटी तालमीतच राहिली. त्याचा लंगोट तिथल्या खिळ्यावरच राहिला. आणि त्या म्हशीचं दूध रोज सकाळी तांब्या भरून त्याच्यापुढं येत राहिलं.

तो ते पीत होता. त्याचं अंग सुटत चाललं होतं. मेहनत नाही आणि खुराक तोच, म्हटल्यावर दुसरं काय होणार? रस्त्यात लोक विचारायचे, पैलवान, कवा उतरताय? तो हसायचा. मला वाटतं, मी करणार नाही आता, एवढं एक वाक्य त्याला कुणाजवळ तरी बोलायचं होतं, आणि अण्णांच्या देखत ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. म्हणून तो वैरण काढायचा आणि उरलेला वेळ टीव्हीवरची कुस्ती बघायचा.

अण्णांना ते बघणं आवडत नसे. ते खोलीत आले आणि टीव्हीवर कुणाची पाठ जमिनीला टेकली, की ते ‘झाली की’ म्हणून बाहेर निघून जायचे. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की संपतं. तिकडं पाठ टेकली तरी पंच हात आपटत तीन म्हणेपर्यंत वेळ असतो, आणि त्या वेळात पडलेला माणूस खांदा उचलतो आणि पुन्हा उठतो. हे अण्णांना कधीच पटलं नाही.

त्या परदेशी कुस्तीवाल्यांचा त्या वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम आपल्याकडं रविवारी पहाटेपासून दिसणार होता. माझ्या प्रकल्पाला यापेक्षा चांगला दिवस मिळणार नव्हता. गल्लीतली तिघं पोरं बघायला आली. त्यातला एक गॅरेजात काम करतो, तो सगळ्यात बोलका. आईनं त्यांना चहा दिला. दादाला नाही. पैलवानानं चहा प्यायचा नसतो, आणि आमच्या घरात दादा अजून पैलवान होता.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. एवढं मोठं मैदान मी कधी पाहिलं नव्हतं. माणसांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते चमकणारे ठिपके. एकेक पैलवान यायचा तो इतका सावकाश, की तेवढ्यात आपल्याकडची एक कुस्ती निकाली होईल. लोक त्याचं गाणं त्याच्याबरोबर म्हणायचे. ‘लोक पंचाबरोबर आकडे म्हणतात’ असं मी वहीत लिहिलं. आमची तिघंही म्हणत होती. दादा तेवढा म्हणत नव्हता. तो वेगळंच काही बघत होता. कुणी उंचावरून पडला की तो हळू आवाजात सांगायचा, हनुवटी छातीला लावली बघ, हात पसरून सगळ्या पाठीवर घेतलं बघ. एकदा म्हणाला, हा डाव्या पायावर भार देत न्हाय, ह्येचा गुडघा गेलाय. मी तेही लिहून घेतलं.

मग माझा सातवा प्रश्न आला. तो मी एकट्याला विचारायला हवा होता. पण मला वाटलं, सगळे बसलेत तर एकदमच विचारून घेऊ. मी वहीत बघून तो वाचला आणि पोरं हसायलाच लागली. गॅरेजातला म्हणाला, “ताई, हे काय इचारायचं झालं व्हय? शेंबडं पोर सांगंल. नुरा हाय सगळी.” आणि मग दादाकडं वळून, “पैलवान, तुमी खऱ्या खेळलासा. आता बसा नुरा बघत.”

तो वाईट पोरगा नाही. चेष्टेत बोलून गेला. पण दादाचा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि हे माझ्यामुळं झालं हे मला त्याच क्षणी कळलं. मी वही मिटली. दादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “पडायचं ठरवता येतंय. लागायचं न्हाय ठरवता येत.”

आठ वाजून गेले असतील. संस्थेचं काम उरकून अण्णा आले. म्हशीच्या दुधाचा तांब्या घेऊन ते दारात उभे राहिले. शेवटची कुस्ती चालू होती. एक वयस्कर पैलवान होता, दाढी पांढरी झालेली. हरलो तर कायमचा थांबेन, असं त्यानं महिनाभर आधी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. समोरचा तरणा होता. म्हाताऱ्याची पाठ टेकली. अण्णा सवयीनं “झाली की” म्हणाले, पण तांब्या हातात असल्यामुळं की काय, गेले नाहीत. म्हातारा उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. तिसऱ्या वेळी उठला नाही.

तरणा निघून गेला. म्हातारा त्या चौकोनात एकटाच उरला. तो मधोमध खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. लांबलचक नाड्या होत्या, गुडघ्यापर्यंत आलेल्या. बराच वेळ लागला. गाणं नव्हतं, काही नव्हतं. एवढी सगळी माणसं उभी राहून एका माणसाला नाड्या सोडताना बघत होती. त्यानं दोन्ही बूट जोडीनं मधे ठेवले, त्यांच्यावर हात ठेवला आणि नुसत्या मोज्यांनी चालत गेला. लोक टाळ्या वाजवत राहिले.

“बूट का ठेवलं त्यानं?” अण्णांनी दारातूनच विचारलं.

दादानं सांगितलं की ती त्यांच्याकडची रीत आहे. परत उतरणार नाही, असा त्याचा अर्थ.

“ह्ये बी ठरल्यालंच?”

“व्हय,” दादा म्हणाला. “त्येनंच ठरवलं आसंल.”

मग दादा टीव्हीकडंच बघत म्हणाला, “अण्णा, माजी पेटी आणूया.”

पोरांनी चहाचे कप हळूच खाली ठेवले. अण्णा आत आले. त्यांनी तांब्या दादाच्या पुढ्यात ठेवला, रोज ठेवायचे तसाच, आणि बाहेर गेले. दादानं त्या दिवशी दूध घेतलं नाही. दुपारी आईनं त्या दुधाला विरजण लावलं.

पुढचे नऊ-दहा दिवस घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. तांब्या रोज येत होता, दादा अर्धा पिऊन ठेवत होता. मी प्रकल्प लिहायला घेतला आणि सातवा प्रश्न खोडून टाकला. पुढचे आकडे बदलायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. सरांनी समासात लिहिलं, ‘सहानंतर एकदम आठ कसा?’ मी त्यांना सांगितलं की नजरचूक झाली. खरं सांगावं असं मनात आलं होतं, पण कुठून सुरुवात करायची ते कळलं नाही.

मग एका गुरुवारी मी कॉलेजला निघाले तेव्हा अण्णा कपडे करून बसलेले. दादाला म्हणाले, चल. आम्ही तिघं एकाच एसटीनं गेलो. मी कॉलेजच्या थांब्यावर उतरले नाही. उतर असं त्यांनीही म्हटलं नाही.

तालमीत बायका-मुली जात नाहीत. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. तिथून जेवढं दिसलं तेवढंच सांगते. आत लाल मातीचा हौदा होता आणि माती नुकतीच उकरलेली असावी, तेल आणि लिंबाचा वास बाहेरपर्यंत येत होता. भिंतीवर खिळ्यांची रांग होती, प्रत्येकावर एकेक लंगोट. शेवटून तिसऱ्या खिळ्यावरचा वाळून कडक झाला होता. तो दादाचा, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पोरं जोर मारत होती. वस्ताद कठड्यावर बसलेले. त्यांनी दादाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “लई सुटलास की रं.”

दादा म्हणाला, पेटी न्यायला आलोय.

वस्ताद म्हणाले, “दीड वरीस खिळा राखून ठेवलाय तुजा. नवी पोरं मागत्यात. तुजा बा दर म्हैन्याला फोन करतोय, कुणाला देऊ नका म्हणून.”

हे दादाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. दादानं अण्णांकडं पाहिलं. अण्णा आपल्या चपलांकडं बघत होते, मैदानात बघायचे तसे. मग त्यांनी मान वर केली आणि वस्तादांना म्हणाले, “आता द्या कुणाला तर.”

एवढंच म्हणाले. मला वाटतं, हे वाक्य त्यांनी घरून पाठ करून आणलं असावं, कारण ते म्हणून झाल्यावर त्यांना पुढं काय करायचं ते सुचेना.

तालमीतून निघताना हौद्याची माती कपाळाला लावायची असते. दादा काठाशी गेला. त्याचा गुडघा पूर्ण वाकत नाही, त्यामुळं त्याला खाली बसता येईना. त्यानं एका हातानं कठडा धरून बघितला. तेव्हा अण्णा पुढं झाले आणि त्यांनी मागून त्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला हळूहळू खाली बसवलं. एवढा मोठा देह त्यांच्यानं पेलत नव्हता. दादानं मातीला हात लावला आणि बराच वेळ तो हात तिथंच ठेवला, मग कपाळाला लावला. जोर मारणाऱ्या पोरांतलं एक जण थांबून बघायला लागलं. वस्तादांनी त्याला दटावलं नाही. बाकीची पोरं आपापले जोर मोजत राहिली.

लंगोट दादानं खिळ्यावरून स्वतः काढला, घडी केली आणि पेटीत ठेवला. येताना एसटीत पेटी आमच्या तिघांच्या पायांत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अभ्यासाला उठले तेव्हा अण्णा संस्थेत निघाले होते. त्यांच्या हातात रोजच्यासारखी दुधाची एक किटली नव्हती, दोन होत्या. आईनं चुलीवर चहाचं भांडं ठेवलं होतं. दादा भिंतीला टेकून बसला होता, पुढ्यात तांब्या नव्हता. अण्णा दारात थांबले आणि मागं न बघता आईला म्हणाले, “त्येला बी घाल.”