प्राध्यापकांनी जिंकलेली सभा

आमच्या शेजारचे प्राध्यापक लोकशाहीवर जाडजूड पुस्तकं लिहितात. मी एक उघडलं आणि तिसऱ्या पानावर घोरू लागलो. सार मात्र ते नारळ सोलता सोलता सांगतात. "कल्पना खरी की खोटी, ते वापरून बघितल्यावर कळतं. आणि विचारायचं त्याला, ज्याला झळ बसते." मग असे टक लावून बघतात, की ते थोर वाक्य आपणच बोललो असं वाटावं!

मार्चमध्ये वाडीच्या नळाला दिवसाला एकच तास पाणी उरलं. सकाळच्या सभेत प्राध्यापक म्हणाले, पहाटे सहाला सोडूया. सगळे हात वर झाले. पहिली टाळी माझी.

आठवड्याने त्यांनी मला पहाटेच जेटीवर ओढत नेलं. माशांच्या लिलावात वाडीतल्या मावशी उभ्या होत्या.

"मावशी, पाणी मिळतं ना?"

"काय ओ मास्तर, सहाला आम्ही हितं, घरात हंडा कोरडा. सभा ठेवलात तीपण लिलावाच्या टायमाला. हात काय जेटीवरून वर करू?"

मी फिदीफिदी हसलो. प्राध्यापक मात्र हरखले होते. "म्हणजे मी साफ चुकलो!" एवढ्या आनंदानं चूक कबूल करणारा विद्वान मी पाहिला नव्हता.

दुसरी सभा त्यांनी जेटीवरच भरवली, लिलाव आटोपल्यावर. पाण्यासाठी दुपारी तीनची वेळ मावशींनी सांगितली.

"हे नाही जमलं तर?" कुणीतरी विचारलं.

"आठ दिवसांनी परत विचारायला येऊ," प्राध्यापक म्हणाले.

मावशींनी त्यांना बसायला आपली माशांची रिकामी पाटी उपडी करून दिली.