घाटनांदूरचा अर्धा डाक्टर

नेकनूरच्या सरकारी शाळेत हिसाब शिकवणारे बद्रीनाथ मास्तर पाठमोरे झाले की लोक त्यांना अर्धा डाक्टर म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, तेवढी लाज होती लोकांना. आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना हे ठाऊकही नव्हतं की या माणसाला पुरा डाक्टर व्हायला फक्त पाच महिने कमी पडले. ते कसे कमी पडले ते आता सांगूनच टाकतो.

बद्रीनाथ घाटनांदूरच्या धोंडीराम पाटलांचा एकुलता एक मुलगा. थोरली बहीण तारा. पाठची दोन भावंडं एकाच आठवड्यात पटकीनं गेली, मोमिनाबादेहून वैद्य यायच्या आत गेली. तेव्हापासून त्याच्या आईनं, बायनाबाईनं, एकच धोशा लावला, माझा बद्री डाक्टर होणार. बाईनं जन्मात डाक्टर पाहिला नव्हता. पण पोरगं हुशार निघालं, हैदराबादेत अव्वल आलं, आणि निजाम सरकारनं वजीफा देऊन त्याला विलायतेला, एडिंबराला धाडलं. अट एवढीच होती की मधेच सोडून आलास तर पुन्हा पाठवणार नाही.

विलायत म्हटलं की आपल्याकडं लोकांना वाटतं, साहेबासारखं खुर्चीत बसून चहा पीत असेल. कशाचं काय! हिवाळ्यात तिथं दुपारी चारलाच दिवस बुडायचा. सकाळी ओल्याच बुटात पाय घालायचे आणि पळायचं. दिवसभर दवाखान्यात उभं राहायचं, संध्याकाळी हाताला मुडदे टिकवायच्या औषधाचा वास घेऊन जेवायला बसायचं. जेवण म्हणजे काय, तर उकडलेला बटाटा आणि त्याच पाण्यात उकडलेला कोबी. त्याच्यावर तो घरून आलेला येसराचा मसाला चिमटीनं टाकायचा, आणि डबा संपत आला की वास घेऊनच जेवायचा. घरमालकीण म्हातारी भली होती, पण याचं इंग्रजी काही तिला कळेना. गाईचं मांस चालत नाही हे सांगायला पहिल्या दिवशी बिचाऱ्याला हंबरून दाखवावं लागलं.

तरीही गडी रेटत राहिला. पाचव्या वर्षी पोरांना गरीब वस्तीत बाळंतपणं करायला पाठवत. पाच पाच मजले चढून जायचं, एका खोलीत नऊ माणसं, कोपऱ्यात बाई कण्हतेय. तिथंही बाया कळा आल्या की आईच्याच नावानं रडायच्या. पहिलं मूल त्यानं हातात घेतलं तेव्हा त्या बाईनं त्याला डाक्टर म्हणून हाक मारली. त्या दिवशी तो खोलीवर जाऊन ढसाढसा रडला, आनंदानं रडला. आईला पत्र लिहिलं की येत्या मार्चात शेवटचा इम्तिहान, मग मी आलोच.

श्रावणात दोन पत्रं एकाच टपालानं आली. इकडं आषाढात नदीला पूर आला होता, त्यामुळं डाक थोपली होती. म्हणून पंधरवडा मागं पुढं लिहिलेली पत्रं एकदमच हातात पडली. त्यानं वडलांचं आधी फोडलं.

धोंडीरामांनी मोडीत लिहिलं होतं: तुझी माय तापानं गेली. पाच दिवस अंगात ताप होता. तार करायला मोमिनाबादेला माणूस धाडणार होतो, पण तू एवढ्या लांबून काय करणार होतास. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून होते, पण एक खाली उतरेना. उन्हं डोक्यावर आली. मी म्हटलं, ताराचं सगळं नीट बघीन. शिवेना. म्हटलं, तुझी गाय विकणार नाही. शिवेना. मग तुझा आप्पाकाका पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, वयनी, तुमचा जीव लेकरात अडकला आसंल, तर बद्री दिवाळीच्या आत घरी येईल आणि पुन्हा विलायतेला जाणार न्हाई. हे म्हणायला आणि कावळा शिवायला एकच गाठ पडली. सगळ्या गावानं पाहिलं. तर आता तू निघून ये.

आप्पाराव म्हणजे कसा माणूस, तर कुठल्याही कामात सगळ्यात आधी तोंड घालणारा. मेलेल्या भावजयीला वचन द्यायचं तर आपल्या घरचं काहीतरी द्यावं की नाही? यानं दुसऱ्याच्या पोराचं आयुष्य देऊन टाकलं आणि घरी जाऊन जेवला.

मग बद्रीनाथनं दुसरं पत्र फोडलं. ते आईचं होतं, ताप चढल्यावर तिनं गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. त्यात होतं: मला जरा कणकण हाय, काळजी करू नको. मला काय बी झालं तरी तू मधीच येऊ नको. डाक्टर हूनच ये.

त्यानं ते किती वेळा वाचलं याला गणती नाही. न्हाव्याकडं जाऊन डोकं भादरून घेतलं, तीन दिवस सुतक पाळलं, म्हातारीच्या स्वयंपाकाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेला तर तिथल्या नर्सबाईनं विचारलं, डोक्यात उवा झाल्या का? तो म्हणाला, हो. खरं सांगायला त्याच्यापाशी इंग्रजीत शब्द होते, पण सांगून तिला काय कळणार होतं?

वडलांना त्यानं लिहिलं की मायचंच पत्र आहे, डाक्टर होऊनच ये म्हणते, सहा सात महिन्यांचा तर प्रश्न आहे. पत्र जायला तीन आठवडे, उत्तर यायला तीन आठवडे. तेवढे दिवस पुस्तक उघडं ठेवून बसायचा, आणि पान काही उलटायचं नाही.

उत्तर आलं. धोंडीरामांनी लिहिलं होतं: पत्र तिचंच हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ती जिती असतानाचं मन आणि मेल्यावरचं मन यात फरक पडतो. जित्या माणसाला लाज असते, खरं काय ते मेल्यावर बाहेर येतं. कावळा खोटं बोलत न्हाई. ताराचं चार महिन्यांचं पोट पडलं. गाव म्हणतं, वचन मोडलं तर आणखी काय काय पुढं येईल. मला घास जात न्हाई. तुझं तू बघ.

तुझं तू बघ, असं बाप म्हणतो तेव्हा बघायला काय शिल्लक असतं हो? ताराचं पोट का पडलं याची चार कारणं तो पुस्तकातून पाठ म्हणून दाखवू शकला असता. कुणाला दाखवणार? पुढं ताराला शिंक जरी आली असती तरी ती याच्याच माथी बसली असती. दवाखान्यातल्या मोठ्या डाक्टरांनी त्याला समोर बसवून समजावलं, पाच महिन्यांसाठी वेडेपणा करू नकोस. त्यांना तो कावळ्याचं सांगायला गेला, आणि दोन वाक्यांतच गप्प बसला. आश्विन लागताना तो बोटीत चढला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी घाटनांदूरला पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच नदीच्या काठी गेला, जिथं आईचा दहावा झाला होता तिथं. बसला. तेवढ्यात म्हाळू धनगर मेंढरं घेऊन आला. हातातली काठी बाजूला ठेवून त्यानं रामराम केला आणि घुटमळत उभा राहिला.

"मालक, माफी मागायची राहिली व्हती," म्हाळू म्हणाला.

"कशाची रे?"

"आईसाहेबांच्या दहाव्याला माझ्यापायी खोळंबा झाला बगा. माझी दोन कुत्री त्या निरगुडीच्या जाळीत सावलीला बसली व्हती. पिंडापासून धा पावलं बी न्हाई. तुमच्या मानसांना त्या अंगानं दिसत नव्हती, मला पलीकडून दिसली. कावळे खाली बघायचे अन् पुन्यांदा फांदीवर सरायचे. एवढी मोठी मानसं उन्हात तिष्ठत उभी, मधी बोलायची माझी छाती हुईना. मंग मी हळूच शीळ घातली. कुत्री आली माझ्याकडं, तवा कुठं कावळा उतरला."

बद्रीनाथनं वळून त्या निरगुडीच्या जाळीकडं पाहिलं. मग म्हणाला, "शीळ कधी घातलीस, म्हाळू?"

"आप्पाराव पाटील हात जोडून काय तरी बोलत व्हते, तवाच. लई उशीर केला म्या. तुमी राग धरू नका."

राग कुणावर धरायचा? म्हाळूवर? त्या गरिबानं तर लोकांना उन्हातून सोडवलं होतं. आप्पारावांवर धरावा तर ते मनापासून बोलले होते. कावळ्यावर धरावा तर त्याला भूक लागली होती. बद्रीनाथनं म्हाळूला सांगितलं, हे आणखी कुणाला बोलू नको. म्हाळूला वाटलं, मालकांनी पोटात घातलं. तो पाया पडून मेंढरांमागं गेला.

घरी आला तर वडील त्याची वाट बघत पानावर बसले होते. चार महिन्यांत अर्धे झाले होते, गळ्याची हाडं दिसत होती. ताराबाईनं सांगितलं की काल तू आलास आणि दादांनी पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या. बद्रीनाथ सांगायचं ठरवूनच उंबऱ्यातून आत आला होता. धोंडीराम म्हणाले, "बद्री, आता तुझी माय सुटली बघ. मला रोज सपनात यायची, पाण्याच्या काठाला उभी. काल न्हाई आली."

तो हात धुऊन शेजारी बसला आणि जेवला.

त्यानंतर धोंडीराम नऊ वर्षं जगले. दर वर्षी बायनाबाईच्या श्राद्धाला पंगत उठली की ते पाव्हण्यांना कावळ्याची गोष्ट सांगायचे, अगदी पहिल्या वचनापासून, आप्पारावांच्या शब्दाला कावळा कसा शिवला तिथपर्यंत. आणि दर वर्षी शेवटी नेकनूरहून सुट्टी काढून आलेल्या लेकाकडं वळून विचारायचे, "खरं का न्हाई रे?"

"खरं हाय, दादा," बद्रीनाथ मास्तर म्हणायचे.