नेस्टरच्या मामाचं रक्त

औकी या बेटावरच्या बंदरगावात, टेकडीवरल्या शाळेत नेस्टर ओफासिया बावीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवत होती. पोरं तिला बाजारात, धक्क्यावर, चर्चच्या पायरीवरही गाठून प्रश्न विचारायची, आणि ती हातातली रताळी खाली ठेवून उत्तर द्यायची. पेशीच्या पोटात काय असतं, आईकडून काय येतं, बापाकडून काय, सगळं तिला तोंडपाठ.

त्या गुरुवारी तिने जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न फळ्यावर घेतला होता. काही पुरुषांच्या तांबड्या पेशी जन्मतःच नाजूक असतात. एरवी काही जाणवत नाही, पण हिवतापाची एक ठरावीक गोळी पोटात गेली की त्या फटाफट फुटू लागतात. मुलाकडे हा दोष येतो तो आईकडून. आता अशा एका माणसाच्या बहिणीला मुलगी झाली, त्या मुलीला मुलगा झाला, तर त्याला दोष येईल का?

"मिस," पुढच्या बाकावरची लिओनी म्हणाली, "पण घरच्यांना हे कळतं कसं?"

"लघवी काळी होते. कोकसारखी," नेस्टर लिहिता लिहिता म्हणाली, आणि तिचा हात जागीच थांबला.

तिच्या जेथ्रोला हिवताप झाला होता. वीस वर्षांचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा धडधाकट मुलगा. त्याच गोळ्यांचा आज तिसरा दिवस. सकाळी तो हसत म्हणाला होता, "आई, मी कोक मुततोय बघ." आणि ती केस विंचरत म्हणाली होती, "पाणी पीत नाहीस, दुसरं काय होणार? शहाळं घे."

तिचा मामा एकोणिसाव्या वर्षी असाच गेला होता. गोळ्यांनी ताप उतरल्यावर, काळी लघवी होऊन. गावाने शेजारच्या कुळावर चेटकाचा आळ घेतला होता. मामा, त्याची बहीण, बहिणीची मुलगी, तिचा मुलगा. बावीस वर्षं ती हे गणित पोरांना सोडवून दाखवत होती.

"पुढचं वाचा," एवढं म्हणून ती उतार धावत सुटली.

घरी जेथ्रो चटईवर पडला होता. डोळे हळदीसारखे पिवळे.

"आजची गोळी घेतलीस?"

"घेतली की. तूच म्हणालीस, एकही चुकवायची नाही."

तिने त्याला उठवून दवाखान्यात नेलं. तिथली नर्स वेरिटी तिचीच जुनी विद्यार्थिनी. "टीचर, गोळ्या मधेच सोडल्या तर ताप परत येतो," गोळ्या बंद करायचं ऐकून ती समजावू लागली.

"येऊ दे परत." नेस्टरने जेथ्रोच्या केस-कार्डाच्या पाठीमागे पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल काढले. "हा माझा मामा. ही माझी आई. ही मी. हे तुला शिकवलंय मी."

वेरिटीने कागद बघितला, मग जेथ्रोचे डोळे. "या प्रश्नाला मला शून्य होतं, मिस," ती हळूच म्हणाली आणि मोठ्या इस्पितळाला फोन लावला.

तिथे जेथ्रोला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तीन दिवस नेस्टर खाटेशेजारी बसून होती. तो लघवीला गेला की तिला बाटलीकडे बघायचा धीर व्हायचा नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. चौथ्या दिवशी लघवीला गवती चहाचा रंग आला. तेव्हा कुठे तिच्या घशाखाली भाताचा घास उतरला.

बातमी राजधानीत, होनियाराला पोचली. तिकडून तिच्या मुलीचा, मरिटाचा फोन आला. तिला सातवा महिना होता.

"आई, स्कॅनमध्ये मुलगा आहे म्हणाले. त्याला असेल का गं हे?"

वर्गात हे उत्तर तिने एका दमात दिलं असतं. आता तिने ते बोटांवर दोनदा मोजलं.

"माझ्याकडून तुझ्यात यायची शक्यता अर्धी, तुझ्याकडून त्याच्यात जायची अर्धी. चारात एक," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे चारातले तीन ठीकच की. मग तुझा आवाज असा का येतोय?"

बाळ झालं की आधी त्याचं रक्त तपासून घे, त्याआधी हिवतापाची कसलीही गोळी त्याच्या तोंडात जाता कामा नये, असं नेस्टरने बजावलं. मग पुन्हा बजावलं. मरिटा "हो गं, कळलं" म्हणाली तरी तिने तेच तिसऱ्यांदा सांगितलं.