पोलिक्सेनीच्या रक्ताचा दाखला

सायप्रसच्या त्या डोंगरी गावात लग्न ठरवायचं तर गावचे धर्मगुरू पापा-क्लेओपास यांच्या हातात आधी थॅलसेमियाच्या, म्हणजे आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीचा दाखला ठेवावा लागे. त्यावर निकाल नसे, फक्त 'तपासणी झाली' एवढंच लिहिलेलं. पण गावाला लिहिलेलं वाचण्यात कधीच रस नव्हता. मुलगी राजधानीहून तपासणी करून परतली, की तिच्या तोंडाकडे बघूनच निकाल लागे.

पोलिक्सेनी शिंपिणीच्या बाबतीत तेवढेही कष्ट पडले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी तिने स्वतःच होणाऱ्या सासूला सांगून टाकलं, ''मी वाहक आहे, पण तुमचा याकूमिस नाही. डॉक्टर म्हणाले, दोघं वाहक असले तरच मूल आजारी व्हायची भीती.'' सासूने गालावरून हात फिरवला, कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी अंगठी परत मागवली. त्यानंतर पोलिक्सेनीने गावातल्या प्रत्येक नवरीचा झगा शिवला. माप घेताना मुली पोट आत ओढून धरत आणि आया तिची नजर चुकवत.

तिच्या बावन्नाव्या वर्षी लोइझोसने तिला मागणी घातली. हा विधुर किराणावाला वजनकाट्यापेक्षा जीभ जास्त हलवणारा, पण मनाने लोण्यासारखा.

दाखला घेऊन ती गेली तेव्हा पापा-क्लेओपास दाढीतल्या दाढीत हसले. ''या वयात, मुली?''

''नियम तुमचा, फादर. पाळणा हलायची वाट मी बघत नाहीये.''

संध्याकाळी लोइझोस आला. कॉफी थंड होईपर्यंत टोमॅटोच्या भावावर बोलला. मग म्हणाला, ''माझ्या थोरलीचं, रोदूलाचं लग्न जमतंय. मुलाकडचे विचारतात, नवी आई कसल्या रक्ताची?''

''अरे, तुझी पोर माझ्या पोटची आहे का?''

''मला कळतं गं. त्यांना कोण सांगणार?''

''तू सांग. दिवसभर गिऱ्हाइकांना शिळी काकडी ताजी म्हणून सांगतोस, एवढं एक खरं सांगायला काय होतं?''

लोइझोस हसला, मग लाजला. ''थोडं थांबू या. तिचं लग्न होऊ दे.''

''मग धाकटीचं असेल. मग नातीचं.''

त्याने टोपी हातात गोल फिरवली. मग ती डोक्यावर घालून तो उठला.

''रागावू नकोस,'' दारात तो म्हणाला. ''तू समजूतदार आहेस.''

''डॉक्टर म्हणतात, मला कसलाही आजार नाही. असलाच तर हा समजूतदारपणाच असेल. आजपासून तोही बरा झाला. रोदूलाचा झगा दुसरीकडे शिवून घे.''

''अगं, पण गावात दुसरी शिंपीण आहे कुठे?''

पोलिक्सेनीने दार लावून घेतलं. बाहेर तो बराच वेळ उभा होता. झग्याचं काय करायचं, या काळजीत.