नव्वदचा काटा

आमच्या ह्यांना सगळे काटेवाले म्हणतात. हमरस्त्याला ट्रक तोलायचा काटा आहे, तिथल्या काचेच्या खोलीत बावीस वर्षं बसतायत. ठरलेल्या मापापेक्षा वीस किलो जास्त भरलं तरी गाडी परत. "थोडं इकडेतिकडे चालतं," असं म्हणणाऱ्या ड्रायव्हरला हे दारातही उभं करत नाहीत.

यांची थोरली बहीण, आमच्या ताई, दीड वर्षापासून डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला बांधलेल्या. भावाची, म्हणजे यांचीच, किडनी जुळली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं वजन एकशेतीन. नव्वदपर्यंत आणा, मग तारीख देते." झालं! त्या दिवसापासून घरात नव्वद सोडून दुसरा विषय नाही.

पहिल्या तीन महिन्यांत दहा किलो उतरले. मग माशी शिंकली. आज ब्याण्णव, उद्या त्र्याण्णव, परवा पुन्हा ब्याण्णव. पहाटे पाचला चालायला जायचे, आल्यावर उठाबशा, आणि न्हाणीघरातल्या काट्यावर दिवसातून सहा वेळा चढायचे. मी बाहेर बादली घेऊन ताटकळत. यांचं उकडलेलं वेगळं, मुलींचं वेगळं, माझं उरलंसुरलं. खरं सांगते, जीव नकोसा झाला होता.

एकदा एका रात्रीत सव्वा किलो वाढलं. काटाच बिघडला म्हणून कामावरचं वीस किलोचं लोखंडी वजन पिशवीत घालून घरी आणलं. काटा चोख निघाला. मग माझ्यावर घसरले, "भाजीत तेल किती घातलंस?"

"तेल नाही घातलं. काल लोणच्याच्या चार फोडी कोणी हाणल्या?" मी म्हटलं.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "काका, खारट खाल्लं की अंगात पाणी थांबतं. नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंतही थांबतं. चरबी काही एका रात्रीत चढत नाही. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या वजन करा आणि महिन्याभरात किती उतरलं ते बघा." हे "हो हो" म्हणाले, फोन ठेवला आणि तडक काट्यावर चढले. काय बोलणार या माणसापुढे?

शेवटच्या तपासण्या मंगळवारी होत्या. शनिवारी काटा म्हणाला एक्क्याण्णव पॉइंट चार. यांचं तोंड एवढंसं झालं. "दीड किलोसाठी ताई अडकणार," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसलेच नाहीत. मला त्यांची दया आली, आणि वैतागही आला.

मंगळवारी सकाळी मात्र न्हाणीघरातून आरोळी, "एकोणनव्वद पॉइंट दोन!" सात महिन्यांनी हा माणूस हसला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. मला वाटलं, काळजीने असेल.

दवाखान्यातही वजन नव्वदच्या आत भरलं. रक्त घेतलं, लघवी तपासली. दुपारी डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. रिपोर्ट समोर पसरलेले.

"काका, काल पाणी किती प्यालात?"

हे रिपोर्टवरचे आकडे वाचू लागले.

"आणि परवा?"

"परवा दुपारपर्यंत घेतलं होतं," हे पुटपुटले.

मी कपाळावर हात मारला. जास्त माल भरलेले ड्रायव्हर काट्यावर यायच्या आधी गाडीतलं पाण्याचं पिंप सांडून येतात. ओली चाकं बघून हे त्यांना बावीस वर्षं पकडत आलेत. तोच उद्योग स्वतःच्या अंगावर केला!

"एक्क्याण्णव असते तरी मी तारीख दिली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन उतरत आलंय हे मला दिसतच होतं. पण किडनीवर ताण दिसतोय. पाण्यामुळेच असेल, तरी खात्री झाल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. सगळ्या तपासण्या पुन्हा. दोन महिने तरी जातील."

ताई वरच्याच मजल्यावर मशीनवर होत्या. "तू सांग ना," हे मला म्हणाले. मी म्हटलं, "मुळीच नाही. निस्तरा आता." नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा अंगात त्राणच नव्हतं.

यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. ताईंनी हाताला लावलेल्या नळीवरून नजर वर केली.

"दोन महिने?"

"हो ताई."

"वेड्या, मला दिवसाला तीन कप पाणी. औषधाच्या गोळ्या त्यातच गिळायच्या. एक घोट जास्त झाला तर श्वास कोंडतो, म्हणून मी पीत नाही. तुला कोणी बंदी केली होती?"

यांना हुंदका आवरेना. ताई माझ्याकडे वळल्या. "अगं, बाटली आहे ना तुझ्याकडे? दे त्याला."

"इथे नको, ताई. तुझ्यासमोर नको," हे म्हणाले.

"माझ्यासमोरच पी. सगळी."

हे प्याले. ताईंची नजर त्यांच्या गळ्यावरून शेवटच्या घोटापर्यंत हलली नाही. मग कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "गार होतं का रे?"