दुसरी स्प्रिंग

मामांना सगळे शटरमामा म्हणत, आणि या नावाचा मामांना मनस्वी राग. शटर दुकानाला असतं, घरच्या गॅरेजला असतं ते दार. शटर गुंडाळून वर जातं, दार फळ्याफळ्यांनी रुळावरून चढतं आणि छताखाली आडवं होतं. एवढा फरक ज्याला कळत नाही, त्यानं मला मामा तरी का म्हणावं? असं ते बडबडत. पण लोकांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं. शटरमामा ते शटरमामाच राहिले.

कुणी दार निवडायला आलं आणि आधी रंगाचं बोललं, की मामांच्या कपाळाला आठी. गॅरेजच्या वर झोपायची खोली आहे का, दार रोज उघडणार कोण, म्हातारं माणूस की तरणं, पाऊस-वारा थेट अंगावर येतो का, हे सगळं विचारून झाल्यावर ते म्हणत, "आधी वजन, मग रंग." दार बसवून झालं की घरातल्या सगळ्यांना उभं करून शिकवणी घेत. चाकांना आणि बिजागऱ्यांना तेल द्या, रुळांना नको, तिथं धूळ धरते. तारेच्या दोराचा एखादा धागा सुटलाय का बघत जा. दाराखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दार बंद करून बघा, ठोकळ्याला लागून परत वर गेलं नाही तर दाराची मोटार बंद करा आणि मला बोलवा. एवढं सगळं तुम्ही करा, पण दारावरच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही. अख्ख्या दाराचं वजन तिच्या पिळात भरलेलं असतं. ती हातातून सुटली तर हाड मोडेल, डोळा जाईल, पुढचं मी बोलत नाही.

आणि असं सांगणाऱ्या मामांच्याच उजव्या हाताला काय झालं होतं, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आधी करंगळी बधिर झाली, मग शेजारचं बोट, मग कधीकधी तळव्यातला जोरच जायचा. हातातला कप पडला की मामा कपालाच शिव्या घालत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं स्वतःला समजावून ते गप्प बसले. चाकं, बिजागऱ्या, रबर, असली कामं स्वतः करायची आणि स्प्रिंगचं काम आलं की धंद्यातल्या आपल्या जुन्या जोडीदाराकडे पाठवायचं. कुणी विचारलं तर मामा दुसऱ्या कामात आहेत. बरं चाललं होतं, म्हणजे मामांच्या मते.

मग एके दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. गॅरेजमध्ये धाडकन आवाज झाला, दार जागचं हलत नाही, गाडी आत अडकलीय. मामांना बघायचीही गरज नव्हती. स्प्रिंग तुटली होती.

आता इथं जोडीदाराला पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण ते घर लेकीचं, आणि लेकीच्या घरात तिचे सासरे. या व्याहीबुवांशी मामांचं दारावरूनच बिनसलं होतं. घर बांधलं तेव्हा मामांनी हलकं पत्र्याचं दार सुचवलं, आत फोम भरलेलं, ऊन-पाऊस सोसणारं. व्याहीबुवांना हवं होतं भरीव लाकडाचं. दार म्हणजे घराचं तोंड, असं त्यांचं म्हणणं. "तोंड देखणं आहे, पण नाकापेक्षा मोती जड झालाय," असं मामा चारचौघांत बोलून गेले आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी अगदी गोड बोलत. नात्यातलं असलं गोड बोलणं भांडणापेक्षा वाईट. तेव्हा मामांनी हत्यारांची पेटी उचलली आणि स्वतःच गेले.

दाराच्या वर आडव्या दांड्यावर दोन स्प्रिंगा होत्या, डावी आणि उजवी. तुटली होती डावी, पण एक तुटली की दुसरीही त्याच वयाची, दोन्ही बदलायच्या हा मामांचा नेम. दार खाली पकडीनं जखडलं, उजव्या स्प्रिंगचा पीळ आस्ते आस्ते उतरवला, दोन्ही काढल्या, नव्या चढवल्या. हात साथ देत होता. मामांना वाटलं, उगाच घाबरलो. व्याहीबुवा बघायला आले तेव्हा मामांनी त्यांना भिंतीशी पिटाळलं, आणि ते गुपचूप गेले याचा मामांना मनातून आनंदच झाला.

मग डावीला पीळ भरायला घेतला. स्प्रिंगच्या टोकाला लोखंडी टोपी, टोपीला चार भोकं. एका भोकात लोखंडी गज घालून तो वर रेटायचा, पाव फेरा झाला की दुसऱ्या भोकात दुसरा गज घालून त्यावर भार घ्यायचा, मग पहिला काढायचा. एक गज कायम आत, हा जीव वाचवायचा नियम. भरत भरत पीळ शेवटाकडे आला, म्हणजे स्प्रिंग सगळ्यात कडक झाली, आणि नेमका तिथं मामांच्या उजव्या हाताचा पंजा गेला.

गज समोर आडवा होता. मामांनी झटकन डावा हातही त्यावर घातला. आता दोन्ही हात एकाच गजावर, आणि दुसरा गज कमरेच्या पट्ट्यात. डावा सोडून तो काढावा, तर उजवा एकटा धरणार नाही. हळूहळू खाली नेऊन गज दारावर टेकवावा, तर तेवढा ताबा बोटांत उरला नव्हता. मामा शिडीवर, तोंड स्प्रिंगच्या जवळ. गज निसटला तर गरकन फिरून खाली येणार, आणि वाटेत जे येईल ते फोडणार.

"झालं का हो?" व्याहीबुवांनी भिंतीजवळून विचारलं.

आणि हा माणूस काय म्हणाला असेल? "होत आलंय."

ताकाला जाऊन भांडं लपवावं, पण ते ताक तरी असावं! इथं जीव टांगणीला आणि हे व्याह्यासमोर पत राखताहेत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. घाम डोळ्यात उतरला होता, पुसायला हात नव्हता. गज बोटभर खाली सरकला. मामांनी कोपर बरगडीत रुतवून तो थोपवला.

व्याहीबुवांनी ऐकलं ते खरं मानलं. त्यांनी आत हाक देऊन सांगितलं की झालंच आहे, बाबांना पाणी आण. लेक घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारानं तांब्या घेऊन आली आणि सरळ शिडीखाली येऊन उभी राहिली, गजाच्या बरोबर खाली.

"बाजूला हो," मामा म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की तिला वाटलं, पाण्याला नको म्हणताहेत. "घ्या हो बाबा, घसा सुकला असेल," म्हणत तिनं तांब्या वर केला. गज आणखी सरकला.

तेव्हा मात्र मामा ओरडले. "बाजूला हो! माझा हात गेलाय. व्याही, धावा, मला धरवत नाही."

लेक भिंतीशी पळाली. व्याहीबुवा आले. माणूस सहा फुटी, शिडीविनाही त्यांचा हात पोचत होता. मामांनी त्यांना समोर नाही, कडेला उभं केलं. तोंड मागं ठेवा, टोकाशी दोन्ही हातांनी धरा, आता भार घ्या. व्याहीबुवांनी भार घेतला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. लोखंडाच्या एवढ्याशा तुकड्यात एवढा जोर असेल, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? दोघांनी मिळून गज हळूहळू खाली आणला. मामा सांगत होते, घाई नको, झटका नको, येऊ दे, येऊ दे. शेवटी गजाचं टोक लाकडावर टेकलं आणि तिथं अडलं. मामांनी डाव्या हातानं पाना धरून टोपीचे स्क्रू आवळले. पाव फेरा कमी राहिला तर राहू दे. मग कुठं गज बाहेर निघाला.

मामा शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. लेक समोर येऊन बसली आणि तिनं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"तिकडं भिंतीकडं बघा. मी कुठलं बोट धरलंय?"

मामांनी भिंतीकडं बघितलं. "मधलं," ते म्हणाले.

तिनं करंगळी आणि शेजारचं बोट घट्ट मुठीत धरलं होतं. ती रडली नाही. कधीपासून, एवढंच तिनं विचारलं, आणि मामांनी पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं.

व्याहीबुवा घसा खाकरून पुढं झाले. उजवी स्प्रिंग बाकी आहे ना? मग आपण दोघं मिळून ती करू, मला आता समजलंय, तुम्ही सांगा, मी धरतो. आणि हे आपल्या तिघांतच राहील, बाहेर बोलायचं काही कारण नाही. माणूस मनापासून बोलत होता. एवढ्या वर्षांत मामांना ते पहिल्यांदाच खरोखरीचे गोड वाटले. आणि जमलंही असतं. दार उघडलं असतं, गाडी निघाली असती, शटरमामा शटरमामाच राहिले असते.

मामांनी उजव्या स्प्रिंगकडे पाहिलं. मग डाव्या हातानं खिशातला फोन काढून जोडीदाराला लावला आणि लेकीच्या घरचा पत्ता सांगितला. नेहमीचंच काम समजून त्यानं विचारलं, घरच्यांना काय सांगू, मामा दुसऱ्या कामात आहेत म्हणू ना?

"मामा इथंच बसलेत," मामा म्हणाले. "त्यांच्याच्यानं आता होत नाही. ये तू."

फोन ठेवल्यावर व्याहीबुवा हळूच म्हणाले, अहो, एका हातामुळे एवढं कशाला? डॉक्टर आहेत, औषधं आहेत, होईल बरा.

"हाताचं नाही हो," मामा म्हणाले, आणि लेकीकडे वळले. "तू खाली येऊन उभी राहिलीस ना, तेव्हा तुझ्यासमोर हात गेला याची मला आधी लाज वाटली. तुला लागेल ही भीती नंतर वाटली."

लेकीनं त्यांचा हात सोडला नाही. पण तिनं मान खाली घातली.