शाल देऊन वाटेला लावलेले शिक्षक

दि. १४ जुलै २०२५. माझी मुलगी शिकते त्या धरमपेठेतील शाळेने चित्रकलेसाठी नेमलेल्या शिक्षकांना मुलींशी गैरवर्तन केल्यामुळे खापा गावातली आधीची शाळा सोडावी लागली होती, ही माझी तक्रार आहे.

मुख्याध्यापिकांना हे सांगितले मदतनीस शोभाताईंनी. पूर्वी त्या खाप्याच्याच शाळेत होत्या.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “अहो, तिथे त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. फोटो आहे माझ्याकडे.”

“गुपचूप जावा म्हणून केला, मॅडम. शाल मीच तं आणली होती.”

तेव्हापासून चित्रकलेच्या तासाला शोभाताई वर्गाच्या दारात स्टूल टाकून बसतात. कामचुकारपणाची नोटीस मिळाली ती त्यांनाच. त्यांची नोकरी गेली, तर त्या दारात कोण बसणार?

पालकांनो, शनिवारच्या सभेत एवढेच मागा: आधीच्या शाळेकडून खरे कारण लेखी येईपर्यंत हा माणूस वर्गात जाणार नाही.